दोन ग्राफिक्स चिप, एक पडदा : लिनक्स लॅपटॉपवर ड्रायव्हर बसवताना येणाऱ्या अडचणी

लिनक्स ही मुक्त स्रोत संगणक प्रणाली वापरणाऱ्यांच्या तक्रारींमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे. लॅपटॉपवर एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर बसवला, स्थापना यशस्वी झाल्याचा संदेश आला, संगणक पुन्हा सुरू केला आणि पडदा काळाच राहिला. काहींच्या बाबतीत पडदा उजळतो, मात्र ज्या कामासाठी लॅपटॉप विकत घेतला ते काम त्या चिपवर चालतच नाही. यानंतर बहुतेक जण ड्रायव्हर काढून पुन्हा बसवतात, मग दुसऱ्या संकेतस्थळावरून तिसराच ड्रायव्हर आणतात आणि अखेरीस संपूर्ण प्रणाली नव्याने बसवतात. या शेवटच्या टप्प्यात अनेकदा विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि घरगुती छायाचित्रे कायमची नाहीशी होतात. प्रत्यक्षात दोष नेमका कुठे आहे हे यंत्र स्वतःच सांगत असते. ते कुठे पाहावे एवढेच ठाऊक असावे लागते.

या लेखातील आज्ञा देवनागरीत, उच्चारानुसार दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकित कराव्यात. ड्रायव्हर या शब्दासाठी 'चालक' हा प्रतिशब्द काही ठिकाणी वापरला जातो, मात्र तो दिशाभूल करणारा आहे. ड्रायव्हर काहीही चालवत नाही. तो प्रणालीचा गाभा असलेले कर्नल आणि चिप यांच्यामधला दुभाषा असतो. अनुवादाच्या व्यवसायातील माणसाला हे साम्य चटकन पटते. दुभाषा खोलीत हजर असूनही बैठकीत बसवला गेला नाही, तर संभाषण होत नाही. ड्रायव्हर डिस्कवर असणे आणि तो कर्नलमध्ये दाखल झालेला असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दोन चिप कशासाठी?

इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमध्येच एक ग्राफिक्स चिप असते. ती कमी वीज घेते आणि पत्र लिहिणे, बातम्या वाचणे, चित्रपट पाहणे अशा कामांना पुरेशी असते. त्रिमिती खेळ, चित्रफितींचे संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते यांसाठी दुसरी, अधिक शक्तिशाली चिप दिलेली असते. या जोडव्यवस्थेला हायब्रिड ग्राफिक्स म्हणतात. एनव्हिडियाने फेब्रुवारी २०१० मध्ये 'ऑप्टिमस' या नावाने आपली व्यवस्था जाहीर केली. तिच्या नेहमीच्या रचनेत लॅपटॉपचा पडदा केवळ प्रोसेसरमधील चिपला जोडलेला असतो. शक्तिशाली चिप चित्र तयार करते, ते पहिल्या चिपच्या स्मृतीत पाठवते आणि तेथून ते पडद्यावर येते. म्हणजे एनव्हिडियाची चिप कितीही महागडी असली तरी पडद्यापर्यंत जाण्यासाठी तिला दुसरीच्या दारातून जावे लागते. बहुतांश घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

ऑप्टिमस आली ती विंडोजसाठी. लिनक्सवर सुरुवातीची काही वर्षे तिला कंपनीकडून आधार नव्हता. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना एका श्रोत्याने ऑप्टिमस लॅपटॉपविषयीच प्रश्न विचारला होता. त्या वेळी त्यांनी कंपनीवर केलेल्या जहाल टीकेची चित्रफीत जगभर पाहिली गेली. दरम्यान स्वयंसेवकांनी 'बम्बलबी' नावाचा पर्याय २०११ मध्ये उभा केला होता. नावामागची गंमत अशी की, ऑप्टिमस प्राइम आणि बम्बलबी ही दोन्ही 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिकेतील पात्रे आहेत. पुढे लिनक्समधील अधिकृत व्यवस्थेलाही 'प्राइम' हेच नाव पडले.

बम्बलबीच्या इतिहासातील एक प्रसंग मात्र गमतीचा नाही. २०११ मध्ये तिच्या स्थापना-लिपीत, फोल्डर पुसण्याच्या आज्ञेत, 'यूएसआर' या शब्दानंतर एक रिकामी जागा चुकून पडली होती. ड्रायव्हरचा एक लहानसा फोल्डर पुसला जाण्याऐवजी प्रणालीचा संपूर्ण यूएसआर विभाग पुसला जात असे. एका रिकाम्या जागेने अनेकांचे संगणक निकामी केले. कोठून तरी मिळालेली लिपी 'सुडो' अधिकाराने चालवण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

एनव्हिडियाने २०१३ मध्ये ३१९ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून प्राइमला अंशतः आधार दिला. केवळ हवा तो प्रोग्रॅम शक्तिशाली चिपवर चालवण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये ४३५ या आवृत्तीत आली. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमध्ये बसणाऱ्या भागाचा स्रोतही खुला केला. त्यामुळे बम्बलबीची आज गरज उरलेली नाही. तरीही जुन्या मार्गदर्शिका वाचून ती बसवणारे आढळतात आणि तिने मागे ठेवलेल्या फाईलींमुळे नवा ड्रायव्हर अडतो.

स्थापनेपूर्वी

पहिली खबरदारी ग्राफिक्सशी संबंधित नाही. लॅपटॉपमध्ये विंडोजही असेल आणि तिची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर बायोसमधील 'सिक्युअर बूट' हा पर्याय बदलल्यानंतर विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागू शकते. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे कूटबद्धीकरण मालकाने मुद्दाम न सांगताही सुरू झालेले असते. तो क्रमांक आधी लिहून ठेवावा आणि महत्त्वाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात. त्यानंतरच पुढे जावे.

दुसरे काम चिप ओळखण्याचे. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा संगणकातील उपकरणांची यादी देते. इंटेल किंवा एएमडीच्या चिपपुढे 'व्हीजीए कम्पॅटिबल कंट्रोलर' असे दिसेल. एनव्हिडियाच्या चिपपुढे पुष्कळदा '३डी कंट्रोलर' असे लिहिलेले असते. याचा अर्थ ती चिप कोणत्याही पडद्याला थेट जोडलेली नाही. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ सर्वांत मोलाची. तिच्यापुढे 'एनव्हिडिया' असेल तर कंपनीचा ड्रायव्हर काम करत आहे. 'नूवो' असेल तर स्वयंसेवकांनी तयार केलेला मुक्त ड्रायव्हर काम करत आहे. ती ओळच नसेल तर त्या चिपला दुभाषा मिळालेला नाही. स्थापनेआधी आणि नंतर ही आज्ञा चालवून उत्तरे लिहून ठेवावीत.

चिपची पिढी कळणे तितकेच आवश्यक आहे, कारण प्रत्येक ड्रायव्हर प्रत्येक चिपला चालत नाही. फर्मी पिढीसाठी ३९० ही शेवटची शाखा होती व तिचा आधार २०२२ मध्ये संपला. केप्लर पिढीची ४७० ही शाखा २०२४ मध्ये संपली. मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची शाखा आहे. भारतातील अनेक लॅपटॉपमध्ये असलेल्या एमएक्स १५० आणि एमएक्स २५० या चिप पास्कल पिढीतीलच आहेत. त्यांच्यावर त्यापुढचा ड्रायव्हर बसवला तर स्थापना होईल, चिप मात्र ओळखली जाणार नाही. नावात 'ओपन' असलेले ड्रायव्हर ट्यूरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० या मालिकांपासून पुढेच चालतात. उलट आरटीएक्स ५० मालिकेला केवळ 'ओपन' प्रकारच चालतो. नव्या लॅपटॉपवर हौसेने जुना, बंदिस्त प्रकार बसवणाऱ्यांना 'नो डिव्हायसेस वेअर फाऊंड' हे उत्तर मिळते ते यामुळेच.

ड्रायव्हर कोठून घ्यावा

विंडोजची सवय असलेला वापरकर्ता थेट कंपनीच्या संकेतस्थळावर जातो आणि तेथील 'रन' प्रकारची फाईल उतरवतो. हायब्रिड लॅपटॉपवर हे शक्यतो करू नये. ती फाईल वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेला न विचारता फाईली पेरते आणि पुढच्या अद्ययावतीकरणात दोन्ही व्यवस्था एकमेकींच्या पायांत येतात. आधीच बसवला असल्यास तीच फाईल 'अनइन्स्टॉल' पर्यायासह चालवून तो काढावा आणि मग वितरणाच्या भांडारातील पॅकेज घ्यावे.

उबुंटूमध्ये 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' ही आज्ञा चिपला साजेसे ड्रायव्हर दाखवते व त्यांतील एकापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते. 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' या आज्ञेने तो बसतो. डेबियनमध्ये आधी 'नॉन-फ्री' भांडार सुरू करावे लागते आणि 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' या पॅकेजसोबत कर्नलच्या हेडर फाईलीही घ्याव्या लागतात. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिच्यातील रचना याच धर्तीची आहे. केरळमधील शाळांसाठी 'काईट' संस्था देत असलेली प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे, त्यामुळे तेथे उबुंटूचा मार्ग लागू पडतो.

फेडोरात 'आरपीएम फ्यूजन' भांडारातील 'एकेमॉड-एनव्हिडिया' हे पॅकेज वापरतात. येथे घाई नडते. पॅकेज बसल्यानंतर कर्नलचा भाग पार्श्वभूमीला तयार होत असतो आणि त्याला पाचेक मिनिटे लागू शकतात. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' या आज्ञेला आवृत्तीचा क्रमांक मिळाल्यावरच संगणक पुन्हा सुरू करावा. यातील 'एफ' मोठ्या लिपीतला आहे.

दहा सेकंदांचा निळा पडदा

सर्व पायऱ्या बिनचूक करूनही ड्रायव्हर दाखल न होण्याचे सर्वांत सामान्य कारण सिक्युअर बूट हे आहे. ही सुरक्षा व्यवस्था ज्याची डिजिटल स्वाक्षरी ओळखीची नाही असा कोणताही भाग कर्नलमध्ये येऊ देत नाही. वितरणाने स्वतः स्वाक्षरी करून दिलेला ड्रायव्हर असेल तर प्रश्न येत नाही. तो आपल्याच संगणकावर तयार झाला असेल, तर त्याच्यावर आपल्याच संगणकाची स्वाक्षरी असते आणि ती मालकाला मान्य आहे हे एकदा प्रत्यक्ष कळफलकावरून सांगावे लागते.

उबुंटूमध्ये स्थापनेच्या वेळी एक पासवर्ड ठरवण्यास सांगितले जाते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो आणि कोणतीही कळ दाबण्यासाठी केवळ दहा सेकंद मिळतात. कळ दाबल्यावर 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस' असे निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. त्या दहा सेकंदांत वापरकर्ता चहा आणायला गेला, तर संगणक काहीच न झाल्यासारखा पुढे सुरू होतो आणि ड्रायव्हर दारातच राहतो. प्रस्तुत लेखकाने हा पडदा पहिल्या वेळी एखादा विषाणू समजून घाईने बंद केला होता आणि पुढची संध्याकाळ ड्रायव्हर चार वेळा काढून बसवण्यात घालवली होती.

असे झाल्याची खूण स्पष्ट असते. 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' ही आज्ञा दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे उत्तर येते. 'एमओकेयुटिल --एसबी-स्टेट' या आज्ञेने सिक्युअर बूट सुरू आहे का ते कळते. उपाय पुन्हा स्थापना हा नाही. 'सुडो एमओकेयुटिल --इम्पोर्ट' या आज्ञेपुढे स्वाक्षरीच्या फाईलीचा पत्ता द्यायचा, नवा पासवर्ड ठरवायचा आणि संगणक सुरू होताना पडद्यासमोर बसून राहायचे. उबुंटूमध्ये ही 'एमओके.डीईआर' नावाची फाईल व्हार विभागातील 'लिब' फोल्डरमध्ये, 'शिम-साइन्ड' आणि त्याखालील 'एमओके' या फोल्डरांत असते. पासवर्डसाठी साधे इंग्रजी अंक वापरावेत. देवनागरी कळफलक निवडलेला असताना ठरवलेला पासवर्ड निळ्या पडद्यावर टंकित करता येणार नाही, कारण तेथे अमेरिकी इंग्रजी मांडणीच असते. सिक्युअर बूट बंद करणे हाही मार्ग आहे, परंतु विंडोजच्या पुनर्प्राप्ती क्रमांकाविषयी वर दिलेला इशारा त्या वेळी लागू होतो.

पडदा काळा झाल्यास

काळा पडदा म्हणजे प्रणाली नष्ट झाली असे नव्हे. बहुतेक वेळा केवळ चित्र दाखवणारा भाग अडलेला असतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबल्यास मजकुराचा पडदा येतो आणि तेथे नाव व पासवर्ड देऊन काम करता येते. तोही न आल्यास संगणक सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट कळ दाबून ग्रबची यादी आणावी. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुने कर्नल आणि 'रिकव्हरी मोड' असे पर्याय असतात. कालपर्यंत चालत असलेला लॅपटॉप अद्ययावतीकरणानंतर काळा झाला असेल, तर आधी जुने कर्नल निवडून पाहावे. त्यावर तो सुरू झाला, तर कारण जवळपास निश्चित झाले: नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचा भाग तयार झालेला नाही. हे काम 'डीकेएमएस' ही व्यवस्था करते, मात्र तिला त्या कर्नलच्या हेडर फाईली लागतात. 'डीकेएमएस स्टेटस' या आज्ञेच्या उत्तरात नव्या कर्नलचा क्रमांक नसेल, तर हेडर फाईली बसवून 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' ही आज्ञा त्या कर्नलवर द्यावी.

जुन्या कर्नलवरही पडदा काळाच असेल तर ईटीसी विभागातील 'एक्स११' फोल्डरमध्ये 'एक्सऑर्ग.कॉन्फ' नावाची फाईल आहे का ते पाहावे. एकाच चिपच्या संगणकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका 'एनव्हिडिया-एक्सकॉन्फिग' चालवायला सांगतात. ती आज्ञा ही फाईल तयार करते आणि पडदा एनव्हिडियाच्या चिपलाच जोडलेला आहे असे धरून चालते. हायब्रिड लॅपटॉपमध्ये तो तसा नसतो. फाईल पुसण्याऐवजी तिचे नाव बदलावे, म्हणजे गरज पडल्यास परत आणता येते. मागच्या वेळी संगणक सुरू होताना कर्नलने काय नोंदवले ते 'जर्नलसीटीएल -के -बी -१' या आज्ञेने वाचता येते. तिथे 'एनव्हीआरएम' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधाव्यात, त्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या असतात.

'नोमोडसेट' या शब्दाविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. काळ्या पडद्यावर उपाय म्हणून ग्रबमध्ये हा शब्द जोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तात्पुरता तो योग्यही असतो. मात्र तो कायमचा राहिला तर प्रोसेसरमधील चिपचा ड्रायव्हरही नीट काम करत नाही आणि सगळी चित्रे प्रोसेसर स्वतः काढत बसतो. लॅपटॉप मंदावतो आणि तापतो. 'जीएलएक्सइन्फो -बी' या आज्ञेच्या उत्तरात 'एलएलव्हीएमपाइप' असे दिसल्यास हीच शंका घ्यावी. येथील 'बी' मोठ्या लिपीतला आहे. ईटीसी विभागातील 'डिफॉल्ट' फोल्डरात 'ग्रब' ही फाईल असते. तिच्यातून तो शब्द काढून 'सुडो अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी.

दोष नसलेला दोष

ड्रायव्हर व्यवस्थित बसल्यानंतरही 'जीएलएक्सइन्फो' इंटेलचेच नाव दाखवते, म्हणून अनेक जण पुन्हा स्थापनेच्या मागे लागतात. वास्तविक हेच अपेक्षित आहे. उबुंटूत 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' विचारल्यास 'ऑन-डिमांड' असे उत्तर येते, म्हणजे दुसरी चिप मागितल्यावरच कामाला लागते. प्रोग्रॅमच्या नावाआधी 'प्राइम-रन' लिहून तो चालवल्यास, किंवा ग्नोममध्ये चिन्हावर उजवी कळ दाबून स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा पर्याय निवडल्यास, चित्र एनव्हिडियावर तयार होते. 'प्राइम-रन जीएलएक्सइन्फो -बी' असे विचारून खात्री करता येते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी 'कुडा' वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र 'प्राइम-रन'ची गरज नाही. कुडा प्रोग्रॅम ती चिप स्वतः शोधतात. त्यांच्यासाठी 'एनव्हिडिया-एसएमआय' या आज्ञेला चिपचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती मिळणे पुरेसे आहे.

बाहेरचा मॉनिटर हा याच्या उलट प्रकार. काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे छिद्र थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेले असते. तेथे ड्रायव्हर दाखल नसेल तर लॅपटॉपचा पडदा चालतो आणि मॉनिटर अंधारात राहतो. बँकेत किंवा वर्गात प्रोजेक्टर जोडताना ही गोष्ट अचानक उघड होते. वायर बदलून उपयोग नाही, पुन्हा 'एलएसपीसीआय -के' कडे वळावे.

बॅटरी लवकर संपत असेल तर चिप विश्रांती घेते का ते पाहावे. ट्यूरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांत काम नसताना तिची वीज पूर्ण तोडता येते. सिस विभागात त्या चिपच्या फोल्डरातील 'रनटाइम_स्टेटस' या फाईलीत 'सस्पेंडेड' असे लिहिलेले असेल तर ती झोपलेली आहे. यासाठी 'एनव्हिडिया-एसएमआय' वापरू नये, कारण विचारणारी ती आज्ञाच चिपला जागे करते.

दोन्ही चिप एएमडीच्या असतील, किंवा इंटेलसोबत एएमडीची असेल, तर वरीलपैकी बहुतेक कटकटी उद्भवत नाहीत. एएमडीचा मुक्त ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो आणि आज्ञेआधी 'डीआरआय_प्राइम=१' लिहिणे पुरते; हे नाव मात्र मोठ्या लिपीत लिहावे लागते. नूवोची स्थितीही सुधारली आहे. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कंपनीच्या स्वाक्षरीविना चिपचा वेग वाढवता येत नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नलपासून ट्यूरिंग आणि पुढच्या पिढ्यांसाठी ही कोंडी फुटू लागली. जुन्या मॅक्सवेल आणि पास्कल चिपवर मात्र नूवो आजही संथच आहे.

एवढे करूनही उत्तर न सापडल्यास मदत मागण्यापूर्वी 'सुडो एनव्हिडिया-बग-रिपोर्ट.एसएच' ही आज्ञा द्यावी. कर्नलच्या नोंदी, दोन्ही चिपची माहिती आणि ड्रायव्हरची अवस्था तिच्यामुळे एका संकुचित फाईलीत जमा होते आणि जाणकाराला प्रश्नोत्तरांच्या पाच-सहा फेऱ्या कराव्या लागत नाहीत. या फाईलीत आपल्या संगणकाचे नाव आणि इतर तपशीलही नोंदले जातात, म्हणून ती सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याआधी एकदा उघडून पाहावी.